आधी आठवडे विचारावेत

येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ साली त्या जगापुढे मांडल्या. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या प्रौढाच्या मेंदूत सेकंदाला साधारण दहा लाटा उठतात. त्या लयीला त्यांनी ‘अल्फा’ म्हटले. बाळाच्या मेंदूची लय मात्र निराळी असते. तिची ओळख व्हावी म्हणून हा प्रपंच.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, प्रथमच पाहाल, तर तुम्ही थबकाल. काही सेकंद लाटा उसळतात, मग रेघ जवळजवळ सपाट होते, मग पुन्हा उसळी. प्रौढाच्या आलेखात चिंता वाटावी अशी ही सपाटी गर्भावस्थेच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळात अपेक्षितच असते. याच सुमारास संथ लाटेच्या अंगावर बारीक, वेगवान लहरींची झालर दिसते. तिला ‘डेल्टा ब्रश’ म्हणतात. दिवस भरता भरता ती विरत जाते. म्हणून वाचकांनी प्रौढाचे माप बाजूला ठेवावे.

विरून जाणाऱ्या या लयींचे काम काय? प्राण्यांच्या पिलांचे डोळे उघडण्याआधीच त्यांच्या दृष्टिपटलावर विद्युतलाटा फिरतात, हे कार्ला शात्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवले. उंदरांवरील प्रयोगांत या लाटा बिघडवल्या, तेव्हा मेंदूत दोन्ही डोळ्यांचे धागे नीट वेगळे झाले नाहीत. झोपेत नवजात उंदराचा पाय झटकला, की मेंदूतील त्या पायाच्या जागी लहरींचा झुबका उठतो, असे २००४ साली रुस्तेम खाझिपोव्ह यांच्या गटाला दिसले. बाहेरचे जग कळण्याआधी मेंदू स्वतःचीच जोडणी तपासत असतो, असे यावरून वाटते. स्लॅब घट्ट झाला की सेंट्रिंग काढतात. काम झाले की या लयी विरतात, तोही तसाच काहीसा प्रकार.

नवख्या वाचकांनी आधी जन्मानंतरची सोपी वाट धरावी. डोक्याच्या मागील भागातील लय तीन-चार महिन्यांच्या बाळात सेकंदाला साधारण चार, वर्षाच्या बाळात सहा आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास दहापर्यंत पोहोचते. हा चढ नजरेत बसला, की मागे वळून गर्भावस्थेतील आठवडे पाहावेत. पेशींची रसायने त्यानंतर. प्रौढ मेंदूत चेतापेशींना आवरणारे ‘गाबा’ कोवळ्या पेशींना उलट चेतवते, हे तेव्हा कोडे वाटणार नाही.

नवजात कक्षातील आलेखावर कधी तशी सपाट रेघ दिसली, तर अर्थ लावण्याआधी एवढेच विचारा: बाळाला किती आठवडे झाले?