सौर जलतापक : भारतातील बाजारपेठ

छतावरील संग्राहकात उन्हाने पाणी तापवून ते उष्णतारोधक टाकीत साठवणाऱ्या संयंत्रांचा व्यापार. भारतात त्याचा जोर मुख्यतः बंगळूर व पुणे या शहरांत दिसतो. ऊन इतरत्रही भरपूर आहे. पण कर्नाटकात ठरावीक आकाराच्या नव्या घरांना ‘सोलर’ सक्तीचा झाला आणि पुणे महापालिकेने मिळकतकरात सवलत दिली. 2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानाने 2022 पर्यंत 2 कोटी चौ. मी. संग्राहकांचे उद्दिष्ट ठेवले. केंद्राचे अनुदान मात्र 2014 मध्ये थांबले. दरम्यान तांब्याच्या सपाट संग्राहकांहून स्वस्त अशा चिनी निर्वात काचनळ्यांनी बाजार काबीज केला. बोअरच्या जड पाण्याने तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने चोंदतात, हेही त्यामागचे एक कारण.

100 लिटरचे संयंत्र चौघांच्या कुटुंबाला पुरते. खरी अडचण गच्चीची आहे : उंच इमारतीत सदनिका अनेक, छत एकच, आणि त्यावर आता वीजनिर्मितीच्या पॅनेलांचाही दावा. शिवाय खालच्या मजल्यावर गरम पाणी पोहोचेपर्यंत बादलीभर गार पाणी वाहून जाते. मोठा वाव वसतिगृहे, रुग्णालये व दूधसंघांत आहे. तेथे बॉयलरमध्ये जाणारे पाणी आधीच उन्हात तापवल्यास इंधन वाचते.