ताळा जमला, पण उत्तर?



एकसामयिक समीकरणं आठवतात ना? दोन समीकरणं, दोन चलं, क्ष आणि य. एकाचा लोप करायचा, दुसऱ्याची किंमत काढायची आणि शेवटी दोन्ही किमती मूळ समीकरणात घालून ताळा करायचा. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी आली की खाली दोन रेघा मारून पुढचं गणित. आपल्याकडे शाळेत हे असंच होतं, आणि इथे ओंटारिओत दहावीच्या मुलांनाही साधारण हेच शिकवतात. आज लिहायचंय ते ह्या ताळ्याबद्दल. हा ताळा आपल्याला चक्क फसवू शकतो, आणि ते फार सुंदर रीतीने दाखवून देणारा एक गणिती आपल्या टोरांटोचाच आहे.

आधी थोडा इतिहास. दोनाहून जास्त अव्यक्तांची समीकरणं आपल्याला नवीन नाहीत. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी लिहिला, त्यातल्या बीजगणितात पहिल्या अव्यक्ताला यावत्-तावत् म्हटलंय आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावं दिली आहेत. म्हणून ह्या प्रकाराचं नावच अनेकवर्ण समीकरण. (चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. सुट्टीत त्या बाजूला गेलात तर जरूर बघा.)

रंग कितीही घ्या हो, अडचण येते आकडेमोडीची. शाळेत शिकलेली क्रेमरची निश्चयकांची पद्धत घ्या. दहा चलं असली तर अकरा निश्चयक लागतात, आणि प्रत्येकाचा पूर्ण विस्तार केला तर मिळून ३,९९,१६,८०० पदं होतात. म्हणजे जवळजवळ चार कोटी! तेच काम एकेका चलाचा लोप करत केलं तर ४३० गुणाकार-भागाकारांत भागतं. एवढा फरक असल्यावर क्रेमरसाहेबांना परीक्षेपुरतंच ठेवलेलं बरं.

पण ४३० असले तरी प्रत्येक वेळी शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे होणारच. ह्या चुका साठत जाऊन शेवटी उत्तराचा चुथडा होईल का, ही भीती १९४०च्या दशकात मोठमोठ्या गणित्यांना होती. १९४६ साली इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत फॉक्स, गुडविन, ट्युरिंग आणि विल्किन्सन ह्या चौघांनी १८ चलांची १८ समीकरणं हाताने चालवायच्या कॅल्क्युलेटरवर सोडवली. सुमारे दोन आठवडे लागले. ट्युरिंग म्हणजे तोच, ॲलन ट्युरिंग! शेवटी ताळा केला तर दहाच्या दहा आकडे जमले. सगळे थक्क. पण मग त्यांनी उरलेल्या बारीकशा फरकावर पुन्हा तीच प्रक्रिया करून उत्तर सुधारलं, तेव्हा लक्षात आलं की पहिल्या उत्तराचे सुरुवातीचे पाचसहा आकडेच खरे होते. ताळा दहा आकड्यांचा, उत्तर सहा आकड्यांचं. पुढे १९४८ साली ट्युरिंगने ह्यावर निबंध लिहिला आणि समीकरणं किती 'नाजूक' आहेत हे मोजायला कंडिशन नंबर ही कल्पना मांडली.

आता टोरांटोला येऊ. १९५२ साली टोरांटो विद्यापीठात मँचेस्टरहून फेरांटी मार्क १ हा संगणक आला. त्याचं इथलं नाव फेरट. सेंट लॉरेन्स सीवेसाठी धरण बांधल्यावर नदीच्या पाण्याची पातळी कुठे किती चढेल, ती किचकट आकडेमोड ह्या यंत्रावर झाली. एका ठिकाणची पातळी पुढच्या ठिकाणच्या पातळीवर अवलंबून, म्हणजे सगळी समीकरणं एकमेकांत गुंतलेली. आणि हे आकडे काही वहीतले नव्हते. १ जुलै १९५८ ला ओंटारिओतल्या नदीकाठच्या गावांवर पाणी सोडलं गेलं, सुमारे ६,५०० माणसांना त्याआधी घरं सोडावी लागली होती. कॉर्नवॉलजवळ आजही त्यांना 'लॉस्ट व्हिलेजेस' म्हणतात. कोयना-उजनीची आठवण असलेल्यांना जास्त सांगायला नको.

ह्याच फेरटवर प्रोग्रॅमिंग शिकलेला एक मुलगा म्हणजे विल्यम काहान. जन्म टोरांटोचा, १९३३चा. त्याने १९५८ साली टोरांटो विद्यापीठातच पीएचडी केली. विषय काय? रेषीय समीकरणांचे मोठे समूह गाउस-सायडेल पद्धतीने सोडवणे. ह्या पद्धतीत आधी अंदाजाने किमती धरायच्या, मग एकेका समीकरणातून एकेक किंमत सुधारायची, आणि सुधारलेली किंमत लगेच पुढच्या समीकरणात वापरायची. फिरून फिरून हेच. गाउसने १८२३ साली आपल्या एका विद्यार्थ्याला पत्रात कळवलं होतं की असलं काम अर्धवट झोपेतही करता येतं!

काहानने १९६६ साली कॅनेडियन मॅथेमॅटिकल बुलेटिनमध्ये एक मोठा लेख लिहिला. त्यातलं हे उदाहरण कागद-पेन घेऊन करून बघाच:

१.२९६९ क्ष + ०.८६४८ य = ०.८६४२
०.२१६१ क्ष + ०.१४४१ य = ०.१४४०

समजा कोणी उत्तर आणलं: क्ष = ०.९९११, य = −०.४८७०. ताळा करा. पहिल्याची डावी बाजू येते ०.८६४१९९९९, दुसऱ्याची ०.१४४००००१. आठव्या दशांश स्थळी एकाचा फरक. कुठलेही मास्तर पैकीच्या पैकी मार्क देतील.

खरं उत्तर आहे क्ष = २, य = −२.

आहे की नाही गंमत? कारण असं की पहिलं समीकरण हे दुसऱ्याची जवळजवळ सहापट आहे. आलेखावर ह्या दोन रेषा जवळपास एकावर एकच पडतात, त्यामुळे त्या नेमक्या कुठे छेदतात हे नजरेला आणि आकड्यांनाही कळत नाही. निश्चयक काढलात तर ०.०००००००१ येतो. सातच आकडे ठेवून काढलात तर चक्क शून्य, म्हणजे एकमेव उत्तरच नाही!

अजून एक करा. दुसऱ्याच्या उजवीकडे ०.१४४० ऐवजी ०.१४४१ लिहा. उत्तर होतं क्ष = −८६४६, य = १२९६७. आता ०.१४४० हा आकडा फूटपट्टीने किंवा मीटरने मोजलेला असता तर? चौथ्या स्थळी एकाचा फरक तर कुणाच्याही हातून पडतो. तिथे संगणक कितीही महागाचा आणा, उपयोग नाही.

ताळा जमला म्हणजे एवढंच कळतं की तुम्ही दिलेल्या गणिताच्या अगदी शेजारचं गणित बरोबर सोडवलंत. शेजारच्या गणिताचं उत्तर आपल्या उत्तराच्या शेजारी राहतं की नाही, हे त्या समीकरणांच्या स्वभावावर ठरतं. पूल, विजेचं जाळं, हवामान, सगळीकडे अशी हजारो समीकरणं रोज सुटतात, त्यामुळे ही बाब पुस्तकी नाही.

काहान पुढे बर्कलीला गेला. संगणकाने दशांश आकडेमोड कशी करावी, कुठे कसं पूर्णांकन करावं ह्याचं आय-ट्रिपल-ई ७५४ हे मानक १९८५ साली आलं, त्यात त्याचा सिंहाचा वाटा. १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक त्याला मिळालं. तुमच्या लॅपटॉपवरचं एक्सेल मुळात ह्याच नियमांवर चालतं आणि साधारण १५ आकडे सांभाळतं.

तेव्हा घरी दहावीतलं कोणी असेल तर ताळा करायची सवय मोडू नका, ती चांगलीच आहे. फक्त त्यानंतर एक जादा पायरी करायला सांगा: उजव्या बाजूचा शेवटचा आकडा एकाने बदल आणि पुन्हा सोडव. उत्तर जागेवर राहिलं तर ठीक. ते टोरांटोहून व्हँकुव्हरला पळालं, तर ते गणित कुणी मांडलं आणि त्यातले आकडे कुठून आणले, हे आधी विचारायला हवं.

चूभूद्याघ्या.