सावलीचा जमाखर्च

नागपुरातल्या सक्करदऱ्याहून ताजबागेवरून उमरेडच्या कोळसाखाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नवतप्यातल्या एका भर दुपारी, कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत नुसते तोंड खुपसून उभ्या असलेल्या एका मालट्रकाच्या चालकाने मला जे सांगितले, त्यामुळे या गावच्या उन्हाळ्याचा आणि वाहतुकीच्या धंद्याचा पूर्वेतिहास कित्येक दिवस मनात घोळत राहिला. गाडी नवी, केबिन वातानुकूलित. परंतु चालक मात्र खाली चाकाशेजारी गोणपाट टाकून, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बसलेला. "एसी लावाले इंजिन चालू ठेवा लागते, भाऊ," तो म्हणाला, "अन् उभ्या गाडीचं इंजिन चालू राह्यलं का मालकाच्या मोबाइलवर निरोप जाते. मंग डिझेलचे पैसे आमच्या पगारातून कापते."

आगगाडी येण्यापूर्वी या मुलखातली मालवाहतूक लमाणांच्या तांड्यांवर आणि शेतकऱ्यांच्या बंड्यांवर चाले. मीठ, धान्य, कापूस पाठीवर लादलेले बैल पहाटेच्या गारव्यात निघत, ऊन चढण्यापूर्वी पाण्याची व चाऱ्याची सोय पाहून तांड्याचा मुक्काम पडे, आणि चार-पाच कोसांची मजल झाली म्हणजे दिवस सार्थकी लागला असे समजत. भर दुपारी बैल हाकणे हा भूतदयेचा प्रश्न येण्यापूर्वीच दिवाळखोरीचा प्रश्न होता, कारण बैल मेला की भांडवल बुडाले. म्हणून सावली ही कोणाची मेहेरबानी नसून मजलेच्या हिशेबात पहिल्यापासूनच धरलेली बाब असे. बंडीवाले तर उन्हाळ्यात रात्रीच जुंपत. आसाखाली टांगलेला कंदील हेलकावे खाई, धुरकरी पेंगत असे आणि बैल सवयीने वाट कापीत राहात.

1867 साली आगगाडी नागपुरास पोहोचली व तांड्यांचा धंदा पाहता पाहता ओसरला. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1877 च्या 1 जानेवारीस, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तटातट तुटते, म्हणून पुढे त्यांनी गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रे बसविली. हिंदुस्थानात तो प्रकार तेव्हा अपूर्वच होता. मजुरालाही त्याचा थोडाफार लाभ झाला असेल, तथापि ती योजना झाली ती धाग्यासाठी. साहेबांच्या बंगल्यांत वाळ्याच्या ताट्या लागत, त्यांवर भिस्ती पाणी मारी, छताचा पंखा दोरीने ओढणारा ओसरीवर घामाघूम होई. गारव्याची सरबराई करणारा माणूस गारव्याच्या बाहेरच बसे, ही वहिवाट येथे अशी जुनी आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात रस्त्यावर मोटार ट्रकांचे राज्य आले. 1954 साली जमशेदपुरास जर्मन कंपनीच्या सहकार्याने ट्रक बनू लागले, तरी कारखान्यातून पुष्कळदा निघे तो केवळ सांगाडा. केबिन गावोगावचे सुतार लाकडाची बांधून देत. पुढे इंजिन केबिनच्या आतच सरकले आणि चालकाच्या कुशीला, घोंगडी टाकून झाकलेली, एक धगधगती चूलच आली. खिशात कांदा, आरशाच्या दांडीला लटकणारी कॅनव्हासची छागळ, ढाब्यावरची बाज आणि आंब्याचे पन्हे, एवढ्या सामग्रीवर दोन पिढ्यांनी उन्हाळे काढले. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे 8 तास ठरविले आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती; परंतु ती कोठे, कोणत्या छपराखाली घ्यावयाची, हे बहुधा रस्त्यावरच सोपविलेले राहिले. उमरेडच्या या रस्त्याची स्वतःची थोडी पुण्याईही होती. भोसल्यांच्या सक्करदऱ्याच्या वाड्यात वास्तव्य केलेले सूफी संत ताजुद्दीन बाबा 1925 साली निवर्तले व पुढे ताजबागेत विसावले. तेथून जाणारा ट्रकवाला वेग मंदावून कपाळाला हात लावतो आणि जवळच्या पाणपोईवर डबा भरून घेतो. जुन्या रस्त्यांची चिंच-कडुनिंबे मात्र रुंदीकरणात गेली, आणि डांबर वाढले तशी सावली आटली.

नागपूरचेच खासदार असलेले रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी चालकाच्या केबिनमधील वातानुकूलनाचा आग्रह धरला, आणि डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालगाड्यांना ते सक्तीचे केले. परंतु केबिनचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद, की गारवा बंद. मोठे इंजिन उभ्या उभ्या ताशी सुमारे 2 ते 3 लिटर डिझेल पिते. दुपारचे चार तास धरले तर आजच्या भावाने सातशे ते हजार रुपये धुरात जातात. तेव्हा मालकाचा हुकूम सर्वस्वी अन्यायाचा म्हणवत नाही. धूरही कोणीतरी श्वासात घेतोच. कॅलिफोर्नियात तर इंजिन विनाकारण 5 मिनिटांहून अधिक चालू ठेवण्यास कायद्यानेच मज्जाव आहे. तेथे इंजिनाशिवाय बॅटरीवर चालणारी शीतयंत्रे चालकाच्या शय्येपाशी बसविली जातात. येथे ते यंत्र बसविण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडावा, हा सवाल सध्या कोणी कोणाला विचारीत नाही.

मी त्या चालकाला दुपारी गाडी का थांबविलीस असे विचारले. "शयरात दिवसा जड गाडीले एन्ट्री नाही ना," तो म्हणाला, "रातच्याले सोडते." बोलता बोलता निंबाची सावली टायरवरून सरकून रस्त्यावर गेली होती. त्याने गोणपाट उचलले, झटकले, हातभर पुढे अंथरले आणि डब्यातले पाणी पुन्हा एकदा दुपट्ट्यावर ओतले.