ब्रँडचा गेम : खेळते मूल, कमावते कोण?

चिप्सच्या पुडीवरचा किंवा बिस्किटाच्या पुड्यावरचा क्यूआर कोड आता घरातल्या लहान मुलालाही स्कॅन करता येतो. कोड स्कॅन केला की रंगीबेरंगी पान उघडते, 'खेळा आणि जिंका' असे सांगते आणि मूल त्यात गुंतून जाते. अम्मीला वाटते, पोरगा गेम खेळतोय. खरे तर तो जाहिरात पाहतोय. फरक एवढाच, की ही जाहिरात तो स्वतःच्या बोटांनी चालवतोय.

जाहिरातीसाठी बनवलेल्या अशा गेमला या धंद्यात 'अ‍ॅडव्हरगेम' म्हणतात आणि एका मोहिमेपुरत्या बनवलेल्या छोट्या वेबसाइटला 'मायक्रोसाइट'. हे कसे बनते, कंपनीला त्यातून काय मिळते आणि पालकांनी काय बघावे, ते समजून घेऊ.

सुरुवात कुठून झाली?

ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. १९८३ मध्ये कोका-कोलाने अटारी कंपनीकडून एक व्हिडिओ गेम बनवून घेतला. त्यात खेळणाऱ्याने गोळ्या मारायच्या त्या 'पेप्सी' या नावाच्या अक्षरांवर. सुमारे १२५ प्रतीच निघाल्या आणि त्या कंपनीच्या माणसांना वाटण्यात आल्या. १९९६ मध्ये अमेरिकेत 'चेक्स' या नाश्त्याच्या पदार्थाच्या खोक्यात गेमची सीडी फुकट देण्यात आली. त्या काळच्या प्रसिद्ध 'डूम' गेमचाच सांगाडा वापरून, पण रक्तपात काढून टाकून हा गेम बनवला होता.

२००४ मध्ये बर्गर किंगची एक वेबसाइट जगभर गाजली. कोंबडीचा पोशाख घातलेला माणूस पडद्यावर उभा असे. तुम्ही 'नाच', 'उडी मार' असा हुकूम टाइप केला की तो तसे करी. प्रत्यक्षात आधीच चित्रित केलेल्या शेकडो तुकड्यांतला योग्य तुकडा संगणक शोधून दाखवत होता. २००६ मध्ये याच कंपनीने एक्सबॉक्ससाठी तीन गेम काढले आणि जेवणासोबत ३.९९ डॉलरला एक याप्रमाणे विकले. २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे लोकांनी जाहिरात पैसे देऊन विकत घेतली.

आपल्याकडे मुंबईत १९९८ मध्ये अलोक केजरीवाल यांनी 'कॉन्टेस्ट्स-टू-विन' ही कंपनी सुरू केली. ब्रँडसाठी ऑनलाइन स्पर्धा चालवणे हेच तिचे काम होते. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने एक वेबसाइट आणली. तिच्यावर कोणत्याही छोट्या दुकानदाराने आपल्या दुकानाचे नाव टाकले, की शाहरुख खान ते नाव घेतोय अशी जाहिरात तयार होई. चेहरा आणि आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने जुळवलेला होता. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही याचा उपयोग झाला. म्हणजे प्रत्येक मोहीम फसवीच असते असे नाही.

आपल्या ओळखीचे आणखी एक उदाहरण गुगलच्या 'किब्ला फाइंडर'चे. २०१७ च्या रमजानमध्ये आलेली ही वेबसाइट फोनचा कॅमेरा, होकायंत्र आणि लोकेशन वापरून किब्ल्याची दिशा दाखवते. वेगळे अ‍ॅप टाकावे लागत नाही.

बनते कसे?

आधी कंपनी जाहिरात एजन्सीला 'ब्रीफ' देते : कुणापर्यंत पोचायचे, कोणत्या सणाला, किती दिवस. एजन्सी कल्पना ठरवते आणि पुष्कळदा बनवण्याचे काम वेगळ्या स्टुडिओकडे जाते. तिथे पडद्यांचा कच्चा आराखडा, चित्रे, आवाज आणि शेवटी कोडिंग होते.

पूर्वी हे सगळे 'फ्लॅश'मध्ये चाले. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार बंद केला आणि त्यावर बनलेले असंख्य गेम दिसेनासे झाले. आता एचटीएमएल-५ आणि जावास्क्रिप्ट वापरतात. साध्या गेमसाठी 'फेझर', त्रिमितीय दृश्यांसाठी 'थ्री जेएस' आणि मोठ्या गेमसाठी 'युनिटी' ही साधने प्रचलित आहेत.

खरी कसोटी दोन ठिकाणी लागते. पहिली, गेम स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर आणि कमी नेटवर लगेच उघडला पाहिजे, नाहीतर माणूस निघून जातो. दुसरी, बक्षीस असेल तर लबाडी रोखली पाहिजे. गुण ब्राउझरमधून येतात आणि जाणकार माणूस तिथला आकडा बदलू शकतो. म्हणून गुणांची तपासणी सर्व्हरवर करावी लागते.

कंपनीला काय मिळते?

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. टीव्हीवरची जाहिरात अर्ध्या मिनिटात संपते, पण गेममध्ये तेच बोधचिन्ह मूल कितीतरी मिनिटे डोळ्यांसमोर ठेवते.

दुसरी म्हणजे माहिती. 'निकालासाठी मोबाईल नंबर टाका, ओटीपी द्या' असे म्हटले, की कंपनीच्या हातात खरा, चालू नंबर येतो. सोबत वय, गाव आणि कधी कधी लोकेशनही. तिसरी म्हणजे फुकटचा प्रसार. 'पाच मित्रांना पाठवा, एक लाइफ मिळवा' म्हटले की घरातले मूलच कंपनीचे प्रचारक होते.

लोकेशनची परवानगी किरकोळ समजू नका. २०२० मध्ये अमेरिकी पत्रकारांनी उघड केले, की नमाजच्या वेळा सांगणाऱ्या 'मुस्लिम प्रो' अ‍ॅपमधली लोकेशनची माहिती एका दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. लष्कराला थेट माहिती विकल्याचा आरोप अ‍ॅपने नाकारला, पण त्या दलालाशी संबंध तोडले. चांगल्या कामासाठी दिलेली माहिती पुढे कुठे जाते, हे देणाऱ्याला दिसत नाही.

मुलांचा प्रश्न वेगळा का?

टीव्हीवर कार्यक्रम थांबतो आणि जाहिरात लागते. दोन्हींतली सीमा मुलाला हळूहळू कळते. गेममध्ये ही सीमाच नसते. अमेरिकेतल्या कायझर फॅमिली फाउंडेशनच्या २००६ च्या अभ्यासात खाद्यपदार्थांच्या ७७ वेबसाइट तपासल्या गेल्या. त्यांपैकी ७३ टक्के साइटवर असे गेम होते.

आपल्या घरात आणखी एक अडचण येते. दुकानात अम्मी पुडी उलटून जिलेटिन कशाचे आहे, हलालची खूण आहे का, हे बघते. गेममध्ये घटकांची यादी नसते, फक्त उड्या मारणारी गोड चित्रे असतात. मूल दुकानात येते तेव्हा त्याची पसंती आधीच ठरलेली असते.

कायदा पालकांच्या बाजूने आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ पासून लागू आहेत. 'हे विकत घे' किंवा 'अब्बांना घ्यायला सांग' असे थेट मुलाला सांगणारी जाहिरात त्यांनुसार चालत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे.

बक्षीस आणि किमार

'जिंका' हा शब्द आला की आपल्या घरात प्रश्न पडतो : हा जुगार तर नाही? ढोबळ फरक असा. खेळायला पैसे लावायचे आणि ते बुडतील किंवा वाढून मिळतील अशी स्थिती असेल, तर तो किमार, म्हणजे हराम. खेळणे मोफत असेल आणि बक्षीस कंपनी स्वतःच्या खिशातून देत असेल, तर अनेक उलमा ते जायज मानतात. वस्तू विकत घेतल्यावर मिळणाऱ्या कूपनबाबत किंमत नेहमीचीच आहे का, आणि वस्तू गरजेची म्हणून घेतली की फक्त बक्षिसासाठी, हे बघितले जाते. शंका असेल तर नियमावली घेऊन जवळच्या मुफ्ती साहेबांना विचारा.

देशाचा कायदाही इथे स्पष्ट झाला आहे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आहे, मग तो गेम नशिबाचा असो की कौशल्याचा.

नकली मोहीम कशी ओळखावी?

खऱ्या मोहिमांची नक्कल करून ठग लोक जाळे टाकतात. २०२१ मध्ये टाटा समूहाच्या वर्धापनदिनाच्या नावाने 'डबा निवडा, कार जिंका' असे पान व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. आपला त्याच्याशी संबंध नाही, असे समूहाला जाहीर करावे लागले. तेव्हा एवढे तपासा :

• पत्ता कंपनीच्या अधिकृत वेबसाइटचा आहे का? एखादे अक्षर बदललेले नाही ना?
• नियमावली, शेवटची तारीख आणि आयोजकाचे नाव दिले आहे का?
• बक्षीस 'सोडवण्यासाठी' पैसे, यूपीआय पिन किंवा बँकेचा ओटीपी मागतात का? मागितला तर तिथेच थांबा.
• वीस जणांना पाठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही का? मग ते पान बंद करा.

पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

शिकणाऱ्यांसाठी

आपल्या मुलामुलींना यात रोजगारही आहे. चित्रकला, लेखन, कोडिंग, ध्वनी, तपासणी अशी वेगवेगळी कामे असतात. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट नीट शिकून 'फेझर'वर दोन-तीन छोटे गेम पूर्ण करावेत. नोकरी मागताना प्रमाणपत्रापेक्षा तेच जास्त बोलतात. मराठी आणि उर्दू दोन्ही येणाऱ्याला एक जमेची बाजू आहे : देवनागरीची जोडाक्षरे पडद्यावर तुटू न देणे आणि उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू नीट बसवणे, हे लिपी वाचता येणाऱ्यालाच चटकन तपासता येते. मोहीम कशाची आहे, दारूची की जुगाराची, हे काम घेण्याआधीच विचारून घ्यावे.

घरी मात्र मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा मुलाशेजारी बसून तो गेम एकदा आपणही खेळा आणि विचारा : 'हा कुणी बनवला? फुकट का दिला?' दोन-तीनदा विचारलेत, की पुढच्या वेळी मूल हा प्रश्न स्वतःच विचारू लागेल.