हिरवळीचे पाणी

पाऊस कोठे जास्त पडतो, लंडनला की लातूरला? शिबिरांत आम्ही हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक हात लंडनच्या बाजूने वर होतात. प्रत्यक्षात लंडनला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. लातूरची सरासरी सुमारे ८००, नांदेडची सुमारे ९००. मात्र लंडनचा पाऊस बाराही महिने थोडा थोडा येतो, आपला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडून जातो. हिरवळ, म्हणजेच लॉन, ही त्या बारमाही पावसाच्या देशातली चीज आहे.

तेथेही ती पूर्वी मेंढ्या आणि विळे यांच्या भरवशावर राखली जाई, म्हणून श्रीमंतांपुरतीच होती. १८३० मध्ये एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र बनवले. लोकरी कापडावरचे तंतू कातरणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. मग हिरवळ मध्यमवर्गाच्या अंगणात आली आणि साहेबाबरोबर भारतातही पोचली. आता तर ‘लॉन्स’ म्हटले की आपल्याला मंगल कार्यालयच आठवते!

आपल्याकडे हिरवळीसाठी बहुधा हरळी लावतात. काळ्या रानातून जी खणून काढताना शेतकरी थकतो, तीच ही. तिचे जमिनीखालचे खोड कोरड्या मातीत महिनोन् महिने तग धरते. पाने वाळतात आणि मृगाच्या सरींनी पुन्हा फुटतात. म्हणजे रुजलेल्या हरळीला उन्हाळ्यात आपण जे पाणी घालतो, ते मुख्यतः तिचा रंग टिकवण्यासाठी. हे पाणी किती होते? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात रोज ६ मिलिमीटर धरले, तर शाळेपुढच्या २० बाय २५ मीटरच्या हिरवळीला रोज ३,००० लिटर लागतील. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या माणशी ४० लिटर या जुन्या निकषाने हे ७५ माणसांचे पाणी झाले.

२०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले. मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वेगाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली, तेव्हा तिच्या १० डब्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्यास सांगितले. मैदानांवर ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा हिशेब असा न्यायालयात गेला.

हिरवळीला पर्याय म्हणून रांगत्या थाइमचे नाव हल्ली ऐकू येते. तुळशीच्या कुळातली ही सुगंधी, जमिनीलगत पसरणारी वनस्पती मूळची युरोपातली. तिची एक बहीण हिमालयात उगवते. तिला पाणी कमी लागते हे खरे, पण जमीन निचऱ्याची हवी. पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवणाऱ्या आपल्या काळ्या मातीत तिची मुळे कुजतात. हौस असेल तर कुंडीत लावावी.

त्यापेक्षा ओळखीची आहे जलपिंपळी. लिनियसने १७५३ मध्येच तिला शास्त्रीय नाव दिले. ओलसर नदीकाठी ती आढळते, पेरापेराला मुळे सोडत पसरते, पायदळी टिकते आणि तिच्या बारीक पांढुरक्या-जांभळट फुलांवर फुलपाखरे येतात. पण सावध असावे. तिची दक्षिण अमेरिकेतली एक जवळची जात ऑस्ट्रेलियात शोभेसाठी नेली गेली आणि मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांतली कुरणे तिने व्यापली.

शाळेत एक एक चौरस मीटरचे तीन चौकोन आखावेत. दोनांत हरळी लावावी, तिसऱ्यात जलपिंपळी. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत कोणाला किती तांबे पाणी घातले, ते मुलांनी रोज लिहावे. हरळीचा एक चौकोन मात्र मुद्दाम वाळू द्यावा, आणि जूनमध्ये तो किती दिवसांत हिरवा होतो ते पाहावे.