टाकाऊ हा शब्द घरात कधी आला?

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत आम्ही कार्यानुभवाचे प्रदर्शन पाहायला गेलो होतो. टेबलावर ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशी पाटी होती. तिच्यामागे आइस्क्रीमच्या काड्यांची घरे, थर्माकोलची देवळे आणि शीतपेयांच्या बाटल्यांच्या फुलदाण्या मांडल्या होत्या. चौकशी केली तेव्हा कळले, की काड्यांचे पुडे बाजारातून नवे आणले होते. थर्माकोलही नवाच होता. त्याच वेळी वऱ्हांडा झाडणाऱ्या मावशींच्या हातात माडाच्या हिरांचा खराटा होता. तो त्यांनी घरी बांधलेला. टेबलावर मात्र तो नव्हता, आणि तो तिथे ठेवावा असे कोणाच्या, खरे सांगायचे तर आमच्याही, पटकन मनात आले नाही.

हे असे कसे झाले, याचा शोध घेताना थोडे मागे जावे लागते.

जुन्या कोकणी घरात माडाचे काय काय वापरले जाई ते पाहा. झावळीचे दोन भाग करून पाती एकमेकांत विणली की झाप तयार होई. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो तिरका येऊन मातीच्या भिंती धुऊन नेऊ नये म्हणून पावसाळ्याआधी पडवीला झापांचा आडोसा करीत. पात्यांच्या मधल्या शिरा, म्हणजे हीर, सोलून त्यांचा खराटा बांधीत. करवंटीला बांबूची दांडी बसवली की आमटी वाढायची डवली झाली. सोडणाचा काथ्या, काथ्याचे सुंभ. आणि ज्या सोडणाचे सुंभ झाले नाही ते न्हाणीच्या चुलीत. राख उरे ती भांड्यांना. शेजारच्या पोफळीची विरी गळून पडली, की मुले तिच्यावर एकाला बसवून अंगणभर ओढत. मुलांच्या तावडीतून सुटलेली विरी पाण्यात भिजवून, कोपरे दुमडून, हिराने टाचली की तिचे भांडे होई. जुन्या लुगड्यांची गोधडी तर महाराष्ट्रात सगळीकडेच होती.

यांतल्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र नाव आहे, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. झाप, हीर, सोडण, विरी यांना एकत्र मिळून ‘कचरा’ म्हणण्याची वेळच येत नसे. अर्थात यात गरिबीचा भाग मोठा होता, हे विसरून चालणार नाही. झापांखाली राहणाऱ्याला कौले परवडत नव्हती, म्हणून तो झापांखाली राही. त्या घरांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या गरिबीत पदार्थांची जी जाण होती, ती खरीखुरी होती.

सुंभाचेच उदाहरण घेऊ. सोडण खाडीकाठच्या चिखलात कित्येक महिने पुरून ठेवीत. तिथले जिवाणू धाग्यांना चिकटवून ठेवणारे पेक्टिनसारखे पदार्थ खाऊन टाकतात. खुद्द धाग्यात लिग्निनचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक असते आणि लिग्निन सहजी कुजत नाही. म्हणून चिखलातून निघतो तो मोकळा, चिवट काथ्या. खाऱ्या पाण्यातही तो बराच काळ टिकतो. म्हणूनच जहाजांचे दोर त्याचे होत. सोडण बडवून मोकळे करणाऱ्या बाईला लिग्निन हा शब्द ठाऊक नव्हता. किती महिन्यांनी सोडण उकरायचे, हे मात्र पक्के ठाऊक होते.

यापुढची युक्ती अधिक सुंदर आहे. काथ्याचे दोन पदर घेऊन प्रत्येकाला एका दिशेने पीळ देतात आणि मग ते दोन्ही एकमेकांभोवती उलट दिशेने गुंडाळतात. प्रत्येक पदर उलगडू पाहतो, पण तो उलगडताना जोडीचा पीळ घट्ट होतो. दोन विरुद्ध ओढींचा तोल साधला, की गाठ न मारता दोर टिकून राहतो. ‘सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही’ ही म्हण ज्या समाजाने केली, त्याने पीळ नीट न्याहाळला होता.

याच काथ्याची दुसरी कथा अलेप्पीला घडली. तिथे १८५९ मध्ये जेम्स डॅरा याने काथ्याच्या विणकामाचा कारखाना काढला आणि केरळचा काथ्या जगभर गेला. आपल्या किनाऱ्यावर तसा मोठा उद्योग उभा राहिला नाही. सुंभ राहिले घरगुती, आणि स्वस्त नायलॉनची दोरी आली तेव्हा त्याला सांभाळणारे कोणी नव्हते. झापांच्या जागी कौले आणि पत्रे आले, डवलीच्या जागी ॲल्युमिनियम आणि स्टील, विरीच्या जागी प्लॅस्टिक. नव्या वस्तू फुटल्या की घरात त्यांचे काही करता येईना. त्या राख होत नव्हत्या की खत. आमच्या समजुतीप्रमाणे ‘टाकाऊ’ हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो, तो घरात शिरला तो या वस्तूंबरोबर.

शाळेत हातकाम आले ते वेगळ्या वाटेने. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. त्या योजनेचा विचार करण्यासाठी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने १९३८ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बाळासाहेब खेर. मुंबई प्रांताचे त्या वेळचे पंतप्रधान (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा असेच म्हणत) असलेल्या खेरांचा जन्म १८८८ चा, रत्नागिरीचा. वर्धा योजनेत हस्तोद्योग हा वेगळा तास नव्हता. सूत कातताना गणित, कापसावरून शेती आणि भूगोल, असा तो अभ्यासाचा कणा होता.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचवला, आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे भारदस्त नाव दिले. नावे बदलत गेली तसा कणा मात्र सुटला. उरला आठवड्याचा एखादा तास, त्याची श्रेणी, आणि वर्षाअखेरीचे टेबल.

कणा पुन्हा जोडण्याचा एक प्रयत्न मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सुरू झाला. तिथे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन केले. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. छपराची कैची त्रिकोणी का, ते मुलाच्या बोटांना कळते. पुढे पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अशी शेकडो खेळणी मुलांपर्यंत गेली. त्यांच्या पुस्तकांतला एक खेळ तर आपल्या खराट्याचाच आहे. तीन काड्या आडव्या, त्यांवर चार उभ्या ठेवायच्या आणि छेदनबिंदू मोजायचे: बारा. पाढा पाठ नसलेले मूलही तो मांडू शकते. काडी एकही न ठेवता शून्याचा गुणाकारही दाखवता येतो.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा गणपतीच्या मखरासाठी अनेक घरांत पुन्हा कामट्या, कागद आणि जुन्या साड्या बाहेर निघाल्या. पोफळीच्या विरीच्याही ताटल्या आता यंत्राने दाबून होतात आणि बाजारात चांगल्या भावाने विकल्या जातात.

शाळेत करून पाहायचे असेल तर सुंभापासून सुरुवात करावी. काथ्या नसेल तर जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या पुरतात. एका मुलाने टोके धरावीत, दुसऱ्याने दोन्ही पट्ट्यांना उजवीकडे पीळ देऊन त्या एकमेकींभोवती डावीकडे गुंडाळाव्यात. पिळण्याआधी आणि नंतर लांबी मोजून ठेवावी. मग दुसऱ्या जोडीला मुद्दाम दोन्ही वेळा एकाच दिशेने पीळ द्यायला सांगावा आणि टोके सोडायला लावावीत. दोर आपोआप उलगडतो. का उलगडला, हे मुलांना लगेच सांगू नये. वर्गात एखाद्या मुलाची आजी सुंभ वळणारी असेल, तर तिला त्या दिवशी बोलावून घ्यावे.