श्वासाची मात्रा

श्वास, ध्यान आणि सावकाश अंगचालना यांना संगीताची जोड द्यावी, हा विचार हल्ली अगदी नवा म्हणून सांगितला जातो. चिनी लोकांच्या 'छीगुंग' नावाच्या साधनेसाठी बासरीच्या व तंतुवाद्यांच्या ध्वनिमुद्रिका निघतात आणि मोबाइलवरून त्या आपल्याकडेही सहज ऐकावयास मिळतात. त्यात वावगे काही नाही. परंतु श्वासाला ताल द्यावा की नाही, आणि दिल्यास तो कोणी द्यावा, हा प्रश्न आपल्या खानदेशाला नवा नाही.

फैजपूरच्या पूर्वेस तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. चौदाशे वर्षे जगलेला हा योगी कोवळ्या मुक्ताबाईला शरण गेला, असे परंपरा सांगते. ती वर्षे कोणी मोजली, हे विचारण्यात अर्थ नाही. प्राण कोंडून आयुष्य वाढविणारा हठयोग आणि टाळ हाती घेऊन पंढरीला निघणारा भक्तिमार्ग, हे दोन्ही प्रवाह या मुलुखात एकमेकांना भेटले, एवढे त्या कथेवरून खास दिसते. दोघांनीही श्वासाचे माप ठरविले. मात्र दोघांच्या रीती निराळ्या.

योगाच्या ग्रंथांत पूरक सोळा मात्रांचा, कुंभक चौसष्टांचा आणि रेचक बत्तीसांचा, असे प्रमाण येते. ही मात्रा म्हणजे किती काळ? आपल्या गुडघ्याभोवती हात एकदा फिरवावा, फार घाईने नाही, फार रेंगाळत नाही, आणि चुटकी वाजवावी. तेवढा काळ एक मात्रा. 'मात्रा' हा शब्द गवयाचा आहे, छंदशास्त्राचा आहे, वैद्याचाही आहे. पण येथे ती मोजण्याचे साधन घड्याळ नव्हे, मृदंगही नव्हे. ज्याचा श्वास त्याचाच हात आणि त्याचाच गुडघा. उंच माणसाची मात्रा थोडी लांब होईल, म्हाताऱ्याची संथ होईल. शास्त्रकारांनी ही मोकळीक समजून-उमजून ठेवली असावी, असे आम्हास वाटते.

याच परंपरेत नादानुसंधान म्हणून एक अभ्यास आहे. हठप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात साधकाला आत ऐकू येणाऱ्या नादांचा क्रम दिला आहे. आरंभी समुद्र, मेघ, भेरी असे दणदणीत आवाज. मग मर्दल, शंख, घंटा. शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भुंग्याचा गुंजारव. ध्यानाला साथ करणाऱ्या संगीताचा याहून रेखीव आराखडा आम्हास ठाऊक नाही. मोठ्याकडून बारीकाकडे, आणि बारीकाकडून निःशब्दाकडे.

वारकऱ्यांचे भजन याच्या अगदी उलट चालते. चाल संथ सुरू होते, लय चढत जाते, पावली पडू लागते आणि गजरात सारी दिंडी एक होते. तरी मोठमोठी मंडळी त्यात दमत नाहीत, याचे इंगित रचनेत आहे. एक जण चरण म्हणतो, बाकीचे तो उचलून धरतात. म्हणजे अर्धे गात असता अर्ध्यांना श्वास घेण्यास सवड मिळते. मृदंगवाला लय वाढवितो तो समोरच्या पावलांकडे पाहून. आणि या साऱ्या गदारोळात वीणेकरी मात्र सूर धरून उभा असतो. सप्ताहात ती वीणा सात दिवस, रात्रंदिवस, खाली ठेवीत नाहीत. पाहरे लावून एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात देतात. मुक्ताईची पालखी येथून महिन्याभराहून अधिक चालून पंढरपुरास जाते. तेवढी वाट चालणाऱ्यांना श्वासाचे शास्त्र कोणी शिकवावे?

विसाव्या शतकात या गोष्टीला शाळेचे आणि कवायतीचे वळण लागले, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा आपल्या अमळनेरातून जातो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, अमळनेरास खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवीत होते आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. तत्पूर्वी ते बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले होते. माणिकरावांनी सांघिक कवायतीला इंग्रजी हुकुमांऐवजी देशी आज्ञा दिल्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. 1924 साली गुण्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि 1936 साली 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तक प्रसिद्ध केले. रांगांत उभ्या मुलांना आज्ञेबरहुकूम एकदम करता यावा असा योग त्यात मांडला आहे. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या फैजपुरास काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. सारा देश तेव्हा एका पावलाने चालू पाहत होता; योगानेही रांग धरली, यात नवल नाही. मात्र गुडघ्यावरची मात्रा येथे आज्ञा देणाऱ्याच्या तोंडी गेली.

चीनमध्येही हीच ओढाताण दिसते. ताओ होंगचिंग (इ. स. 456 ते 536) या पंडिताने सहा निरनिराळे ध्वनी काढीत श्वास सोडण्याची रीत नोंदविली आहे. आपल्याकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराबरोबर ह्रां, ह्रीं हे बीजमंत्र म्हणावयास लावीत, त्याची येथे आठवण होते. 1951 साली चिनी सरकारने आकाशवाणीवरून संगीतासह कवायत सुरू केली. कर्ण्यावर सूर लागला की कारखान्यांतून, शाळांतून लाखो हात एकदम वर जात. जपानात तशी कवायत 1928 पासूनच होती. त्याच दशकात तांगशान या कोळसाखाणींच्या शहरी ल्यू ग्वेचन यांनी छीगुंगाचे उपचार चालविले. त्यांच्या पद्धतीत वाद्य नव्हते. रोग्याने मनातल्या मनात तीन अक्षरांचे वाक्य म्हणावे, आणि श्वास लांबत जाईल तसतशी अक्षरे वाढवावी. पुन्हा तीच आपापली मात्रा! 'गुंग' या चिनी अक्षराचा एक भाग 'काम' आणि दुसरा 'बळ' या अर्थाचा आहे, हे वाचून आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला गंमत वाटली. छीगुंगाच्या संगीताच्या फिती पुढे 1980 नंतरच्या लाटेत आल्या.

आम्हास या विषयाची गरज पडली ती जिनिंगच्या कामगारांमुळे. रुईच्या धुळीत वर्षे काढलेल्या माणसाची छाती सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशी आवळते; या रोगाचे ते ओळखीचे लक्षण आहे. धूळ ओढून घेणाऱ्या पंख्यांची मागणी बाजूला ठेवून कामगारांना प्राणायाम शिकवावा, असे सुचविणारे शहाणे आम्हास भेटले आहेत. धूळ तशीच राहिली तर कोणतेही गाणे छाती मोकळी करणार नाही, हे त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो. तरीही संध्याकाळी पाळी सुटल्यावर काही जण मिळून बसतात, डोळे मिटतात, त्यांना बरे वाटते.

तेथे तरुणांनी एकदा बासरीची तयार ध्वनिमुद्रिका लावली. तिची लय सुरेख होती, पण निरोगी छातीच्या माणसाची होती. ज्यांचा श्वास तोकडा ते सुराच्या मागे धावू लागले आणि खोकले. त्यानंतर ठेका देणारे काहीही लावीत नाहीत. मुक्ताईच्या दिंडीत चालणारा एक हमाल आपली वीणा घेऊन येतो आणि नुसत्या तारा छेडीत राहतो, ना चाल, ना ताल. ज्याने त्याने आपला श्वास त्या सुरावर हवा तेवढा लांबवावा. त्याची रात्रपाळी असली की वीणा नसते. त्या दिवशी मंडळी गुडघ्यावर हात फिरवून चुटक्या वाजवीत बसतात, आणि कोणाचीही चुटकी कोणाच्या चुटकीशी जुळत नाही.